गरब्याचे बीट घरी बनवायला काय घ्यावं?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा): विंडोज लॅपटॉप, ८ जीबी रॅम, १० बाय १० फुटांची खोली. हिंच आणि केरवा या गरब्याच्या तालांचे ठेके बनवायचेत. पॅड कंट्रोलर (लॅपटॉपमधले आवाज बोटांनी वाजवायचं यंत्र) घ्यावा की स्वतंत्र ड्रम मशीन? सध्या पॅड दाबल्यावर आवाज मागाहून येतो.

उत्तर १: दोष पॅडचा नाही, बफरचा आहे, म्हणजे वाजवण्याआधी लॅपटॉप आवाजाचा जो तुकडा साठवतो त्याचा. ४८ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पलचा (आवाजाच्या सूक्ष्म नमुन्यांचा) बफर म्हणजे जवळपास ११ मिलिसेकंद उशीर, त्यात विंडोजचा साधा ड्रायव्हर आणखी भर घालतो. स्वतःचा एएसआयओ (उशीर कमी करणारा) ड्रायव्हर असलेला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरून जोडायचं साउंड कार्ड, घ्या. वाजवताना बफर १२८ ठेवा, कडकड ऐकू आली तर २५६. मिक्सिंगला ५१२ चालेल. ब्लूटूथ हेडफोनवर मात्र कधीच वाजवू नका.

उत्तर २: लॅपटॉप आहेच, मग ८ पॅडचा यूएसबी कंट्रोलर पुरे. एफएल स्टुडिओ या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती सेव्ह केलेला प्रोजेक्ट पुन्हा उघडू देत नाही, हे आधीच लक्षात घ्या. रीपर हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं.

खरी गोम हिंचमध्ये आहे. ताल ६ मात्रांचा. १६ स्टेपच्या (घरांच्या) ग्रिडवर बसवलात तर प्रत्येक फेरीत सम, म्हणजे पहिली मात्रा, सरकते. पॅटर्न १२ स्टेपचा करा. क्वांटाइझ (ठोके आपोआप ग्रिडवर ओढणं) ६०-७० टक्केच ठेवा, नाहीतर ढोलाचा झोल, म्हणजे डुलती लय, मरतो, आणि गरब्यात तोच तर हवा!

उत्तर ३: चौरस खोलीत लांबी-रुंदीचा घुमारा एकाच सुरावर, ५६ हर्ट्झच्या आसपास साचतो. ढोलाचा धूम तिथे फुगलेला वाटतो, म्हणून लोक तो कापतात आणि मैदानात ठेका पोकळ वाजतो. बेस हेडफोनवरच तपासा.