तिसरं होल पाचव्या बारला दगा देतंय (ब्लूज माउथ ऑर्गन, मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

सव्वा वर्ष झालं, माउथ ऑर्गन शिकतोय. गुरू नाही, सगळा भरवसा कानावर आणि व्हिडिओंवर. दहा होलांचा साधा डायाटोनिक (एकाच पट्टीच्या सुरांचा बाजा), सी पट्टीचा. लिटल वॉल्टर या अमेरिकन ब्लूज वादकाची १९५०च्या दशकातली रेकॉर्डिंग ऐकली आणि मुठीत मावणाऱ्या डबीतून सॅक्सोफोनसारखा आवाज निघतो हे बरेच दिवस पटेचना. तिथून हा नाद लागला.

ब्लूजवाले सीचा बाजा सीमध्ये क्वचितच वाजवतात, हे कळायलाच मला दोन महिने गेले. दुसरं होल ओढल्यावर येणारा जी हाच त्यांचा सा. याला क्रॉस हार्प म्हणतात. असा सा धरला की चौथं फुंकून शुद्ध मध्यम, चौथं ओढून पंचम, पाचवं ओढून कोमल निषाद आयतेच मिळतात. चौथं ओढताना वाकवलं (बेंड, म्हणजे तोंडाच्या आकाराने सूर खाली उतरवला) की तीव्र मध्यम. इथपर्यंत माझं बरं चाललंय. गाडी अडते कोमल गंधारावर.

तिसरं होल ओढलं की बी येतो, म्हणजे शुद्ध ग. तो अर्धा स्वर उतरवला की बी फ्लॅट, म्हणजे कोमल ग. पण त्याच होलात त्याखाली रे (ए) आणि कोमल रेसुद्धा दबा धरून बसलेत. चौथ्या होलात उतरायला एकच पायरी, तिथे चुकायला जागा नाही. इथे तीन पायऱ्या आणि कठडा नाही. ट्यूनर समोर ठेवला की काटा बी फ्लॅटवर जेमतेम टेकतो आणि खालच्या 'ए'कडे पळतो. जोर लावला तर सूर घुसमटतो, गळा आवळल्यासारखा.

एकट्याने वाजवताना हे खपून जातं. फजिती होते बॅकिंग ट्रॅकबरोबर (तयार साथीच्या रेकॉर्डिंगबरोबर). बारा बारचा (बार म्हणजे चार मात्रांचा खंड) नेहमीचा साचा, प्रत्येक बारला साथीत कोणती कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) ते असं: चार बार जी, दोन बार सी, दोन बार जी, शेवटी डी, सी, जी, डी. पहिले चार बार मी राजा. पाचव्याला सी कॉर्ड आली की आत्ताच गोड वाटलेला तोच तुकडा दाताखाली खडा आल्यासारखा लागतो. बोटभरही बदललेलं नसतं काही! आणि आठव्या बारपर्यंत छाती हवेने इतकी गच्च भरते की ओढायला जागाच उरत नाही.

तर, हा कोमल ग जागेवर कसा थांबवायचा? आणि पाचव्या बारला नक्की काय बिघडतं? रीड (आतली कंप पावणारी पट्टी) खराब असेल का?

प्रतिसाद १

रीडला बोल लावू नका, ती बिचारी निर्दोष आहे.

आधी पाचवा बार. ब्लूजमध्ये तिथे बहुतेक वेळा सी सेव्हन वाजते: सी, ई, जी आणि बी फ्लॅट. तुमचं न वाकवलेलं तिसरं होल शुद्ध बी देतं. तो जी कॉर्डचा घरचा स्वर, म्हणून पहिले चार बार गोड लागला. सी सेव्हनमध्ये तो बी फ्लॅटला खेटून उभा राहतो आणि दोघांचं जुंपतं. म्हणजे जिथे तो कोमल ग सगळ्यात नेमका हवा, तिथेच तुमचा घसरतोय. जी कॉर्डवर थोडं इकडेतिकडे चालतं. ब्लूजचा गंधार तसाही कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लोंबकळत असतो. बेंड पक्का होईपर्यंत सीच्या दोन बारांत तिसरं होल ओढूच नका. चौथं फुंकून सी, पाचवं फुंकून ई, दुसरं ओढून जी. एवढ्यावर भागतं.

आता बेंड. जोर लावणं सोडा. वाकवताना फुंकायची आणि ओढायची अशा दोन्ही रीड कामाला लागतात, म्हणूनच सूर खालच्या जीच्या जेमतेम वर, कोमल रेपर्यंत जाऊ शकतो. किती खाली जायचं हे तोंडातली पोकळी ठरवते. हवा ओढत शीळ घाला आणि शिळेचा सूर उतरवा. जीभ मागे सरकते ना, तीच जागा. मी स्वतः वरून खाली येऊन कधीच शिकलो नाही. आधी तळाला, कोमल रेवर जायचं आणि तिथून जीभ केसभर सोडत रे, मग कोमल ग. चढताना ताबा राहतो, उतरताना पाय घसरतो. ते जमलं की बी न वाजवता सूर थेट वाकलेलाच सुरू करायचा.

प्रतिसाद २

छाती भरण्यावर एक युक्ती. तिसरं होल फुंकलं तरी जीच येतो, अगदी दुसरं ओढल्यावर येतो तोच. मग दर वेळी सा ओढूनच का घ्यायचा? मधूनमधून फुंकून घ्या, छाती आपोआप रिकामी होईल. शिवाय सलग बारा बार वाजवता कशाला? गाणारा दोन बार गातो, बाजा पुढच्या दोनांत उत्तर देतो, अशीच या संगीताची ठेवण आहे. गाणारा नसेल तर तेवढा वेळ मनात गा.

धागाकर्ता

दोघांचे आभार. आठवडाभर तळातून वर येऊन बघितलं. काल कोमल ग चार मोजेपर्यंत टिकला, पाचव्या मोजणीला 'ए'कडे गेलाच. फुंकून सा घेणं मात्र लगेच जमलं, बारावा बार पहिल्यांदा श्वास शिल्लक असताना संपला. सीच्या दोन बारांत तिसऱ्याला हात लावत नाहीये, तर आता तेच दोन बार सगळ्यात सुरात वाटतात, याचं हसू येतं.

एक शंका राहिलीच. हे सगळं ओठांचा चंबू करून चाललंय. जिभेने बाजूची होलं झाकून, म्हणजे टंग ब्लॉकिंगने वाजवायला गेलो की बेंड पार गायब होतो. जीभ तर आधीच कामात अडकलेली, मग मागे सरकवायची तरी काय?