शब्दचर्चा : ‘टॅक्स क्रेडिट’ला करसवलत म्हणावे का?

प्रश्न :
अमेरिकेतील अल्प उत्पन्नाच्या कष्टकरी कुटुंबांना मिळणाऱ्या ‘अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट’विषयीचे एक माहितीपत्रक मी मराठीत आणत आहे. पहिल्या खर्ड्यात ‘अर्जित उत्पन्न करसवलत’ असे लिहिले होते. तो मावशीला वाचून दाखवला, तेव्हा तिने विचारले, “जिला करच लागत नाही, तिला सवलत कशातून देणार?” माझ्या शब्दात याचे उत्तर सापडेना. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

प्रतिसाद :
आपल्या मावशींनी नेमक्या वर्मावर बोट ठेवले आहे. आपल्या आयकराच्या भाषेत वजावट उत्पन्नातून होते आणि सूट कराच्या रकमेतून मिळते. अल्प उत्पन्नाला मिळणारी सूट (१९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८७अ) कर शून्यावर आणते, पण त्यापुढे एक रुपयाही हातात पडत नाही. ही अमेरिकी योजना मात्र शून्यापाशी थांबत नाही. २०२४ च्या करवर्षात दोन मुलांना एकटीने सांभाळणाऱ्या आणि वर्षाकाठी १५,००० डॉलर मजुरी मिळवणाऱ्या बाईला केंद्रीय आयकर लागत नव्हता, तरीही अटींत बसत असल्यास तिला मजुरीच्या ४० टक्के दराने सुमारे ६,००० डॉलर मिळू शकत होते. याला ‘परतावा’ म्हणणेही मला पटत नाही, कारण परतावा भरलेल्या पैशाचा असतो. तिच्या मजुरीतून सामाजिक सुरक्षेची कपात होते हे खरे, आणि १९७५ साली योजना आली तेव्हा ते ओझे हलके करण्याचा हेतूही होता. पण ६,००० ही रक्कम त्या कपातीहून कितीतरी मोठी आहे.

‘क्रेडिट’साठी मराठीत श्रेय, पत आणि जमा असे तीन शब्द आहेत. ‘करश्रेय’ हा शब्द निखालस चुकीचा आहे, कारण येथे कोणाचे कौतुक चाललेले नाही. खतावणीत एक बाजू नावेची आणि दुसरी जमेची असते. येथे सरकार त्या कुटुंबाच्या जमेच्या बाजूला रक्कम मांडते. म्हणून ‘करजमा’ सुचवतो.

प्रतिसाद :
विवेचन मान्य आहे, पण ‘कर जमा केला’ म्हणजे आपण ‘कर भरला’ असे समजतो, तेव्हा ‘करजमा’ने वाचक उलट्या दिशेला जाईल. शिवाय ‘अर्जित’ म्हटले की नोकरदाराला रजा आठवते. येथे बँकेचे व्याज किंवा लाभांश धरला जात नाही. अंगमेहनतीने, नोकरीने किंवा स्वतःच्या धंद्याने मिळवलेलाच पैसा मोजला जातो. त्याला मराठीत ‘कमाई’ हा रोखठोक शब्द आहे. (‘मिळकत’ टाळावा, पुण्यात मिळकतकर घरावर लागतो.) ही रक्कम सुरुवातीला कमाईबरोबर वाढते, मग काही काळ स्थिर राहते आणि त्यानंतर हळूहळू उतरते, त्यामुळे ‘कमाईपूरक जमा’ अधिक नेमके वाटते. मूळ इंग्रजी नावही देवनागरीत एकदा द्यावे, कारण वाचकाला अर्जावर तेच नाव शोधायचे आहे.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही आभार. आता वाक्य असे केले आहे : “आपल्याला आयकर लागत नसला, तरी कष्टाची कमाई असल्यास आणि अटी पूर्ण होत असल्यास विवरणपत्र भरावे, कारण कमाईपूरक जमा, म्हणजेच अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट, विवरणपत्र भरल्याशिवाय मिळत नाही.”