मदत हवी आहे: पद्मिनीच्या आतल्या उभ्या पत्र्यावरचं जुनं डांबर कसं काढावं?

गाडी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. सीट, कार्पेट, खालचा नमदा सगळं बाहेर काढलंय. उरलाय तो आवाज आणि थरथर दाबण्यासाठी पत्र्याला चिकटवलेला ३-४ मिमीचा डांबरी थर. तो पूर्ण काढायचाच आहे. या गाडीला वेगळी चासी नाही, फ्लोअरच भार पेलतो, म्हणून खालचा गंज दिसायलाच हवा.

सपाट भागात ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) उत्तम चालतो. तुकडे पसरून १०-१५ मिनिटं थांबायचं आणि रबरी हातोडीने हलके ठोके द्यायचे. उणे ७८ अंशांच्या गारठ्याने डांबर कडक होऊन तडकतं, पापुद्रे सुटतात. चारही दारं उघडी हवीत, कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो.

अडलंय ते गिअरबॉक्सच्या बोगद्याच्या बाजूंवर आणि फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधला उभा पत्रा). तिथे ड्राय आइस टिकत नाही. हीट गन जरा जास्त लागली की डांबर पातळ होऊन पसरतं. ग्राइंडरचा वायर ब्रश तर ते वितळवून स्वतःच भरून जातो. शिवाय जुन्या थरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे धूळ उडवायचीच नाही.

उभ्या भागावर कापडी पिशवीत ड्राय आइस भरून दाबून धरणं पुरतं का? आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कालवून लावतात, पण त्याची वाफ पेट घेते. बंदिस्त जागेत कोणी केलंय का?

दुसरं, उरलेला काळा डाग रॉकेलने पुसल्यावर तेलकटपणा राहतो आणि इपॉक्सी प्रायमर डोळे पाडतो (त्यात गोल खळगे पडतात). थिनरचे किती हात पुसायचे? जोडांवरचा जुना सीलर पक्का असेल तर तसाच ठेवावा का?