केनिया : माऊ माऊ लढवय्यांना जमीन का मिळाली नाही?

प्रश्न
केनियातील किकुयू लोकांनी १९५२ च्या सुमारास ब्रिटिश राजवटीत गोऱ्यांनी घेतलेल्या जमिनीसाठी ‘माऊ माऊ’ नावाने ओळखला जाणारा सशस्त्र लढा उभारला आणि १२ डिसेंबर १९६३ रोजी देश स्वतंत्र झाला. तरीही जंगलात लढलेले अनेक जण भूमिहीनच राहिले. स्वतःचे सरकार आल्यावर असे का व्हावे? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद
याचे मूळ, हा लढा मोडण्यासाठी ब्रिटिशांनी १९५२ मध्ये लादलेल्या आणीबाणीतच आहे. हजारो पुरुष छावण्यांत डांबलेले असताना, १९५४ च्या स्विनरटन योजनेनुसार जमिनीचे विखुरलेले तुकडे एकत्र करून मालकीहक्काचे कागद देण्यात आले आणि गैरहजर माणसांची बाजू मांडायला कोणी नसल्याने ब्रिटिश सरकारशी निष्ठ असलेल्या किकुयू मंडळींचे फावले. माझ्या मते ही लूट गोऱ्यांनी केलेल्या मूळ लुटीइतकीच गंभीर होती, कारण ती शेजाऱ्यांच्या हातून झाली.

प्रतिसाद
शिवाय गोऱ्या मळेवाल्यांची जमीन फुकट परत मिळालीच नाही. ती प्रामुख्याने ब्रिटिश कर्जातून विकत घेतली गेली आणि तेथे वसवलेल्या कुटुंबांना हप्ते फेडावे लागले. ज्याला एके काळी किपांडे, म्हणजे बोटांचे ठसे आणि मालकाच्या नोंदी असलेला कागद, धातूच्या डबीत घालून गळ्यात वागवावा लागला, त्या मजुराने पैसे आणायचे कोठून?

प्रतिसाद
माऊ माऊवरील बंदीसुद्धा स्वतंत्र केनियात २००३ पर्यंत कायम होती. ब्रिटनने २०१३ मध्ये ५,२२८ दावेदारांसाठी १.९९ कोटी पौंडांची तडजोड मान्य केली. मात्र ती छळाबद्दल होती, जमिनीबद्दल नव्हे.