मॉडेलमधली सायंकाळ केंद्रापेक्षा तासभर आधी का येते?

रामबाग_इंदूर

नमस्कार. इंदूरमधल्या एका संशोधन प्रकल्पात मी हवेच्या गुणवत्तेच्या मॉडेलसाठी, म्हणजे डब्ल्यूआरएफ-केमसाठी, पायथनमध्ये तुलनेचे प्रोग्राम लिहिते. हिवाळ्यातील पीएम २.५चा (हवेतील सूक्ष्म कणांचा) आलेख काढला की एक गोष्ट रोज दिसते: सूर्यास्तानंतरची वाढ छोटी ग्वालटोलीच्या हवा मोजणाऱ्या केंद्रावर जेव्हा नोंदली जाते, त्याच्या सुमारे तासभर आधीच ती मॉडेलमध्ये सुरू झालेली असते. काही सहकाऱ्यांच्या मते संध्याकाळच्या वाहतुकीचे उत्सर्जन तासभर पुढे ढकलावे, तर काहींना सीमास्तराची, म्हणजे जमिनीलगतच्या हवेच्या थराचे मिश्रण मोजणारी, योजना बदलावी असे वाटते. प्रत्येक बदलासाठी मॉडेल नव्याने चालवणे खर्चाचे असल्याने आधी काय तपासावे, हे विचारत आहे.

सध्याची पद्धत अशी: मॉडेलचे निष्कर्ष यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेनुसार) दर तासाला मिळतात. त्यांत साडेपाच तास मिळवून आलेली ६.३०, ७.३० अशी वेळ मी मागच्या पूर्ण तासावर आणते आणि केंद्राच्या फाइलमधील 'टू डेट' या स्तंभाशी जोडते.

अयनांश

उत्तर आपल्या शेवटच्या परिच्छेदातच आहे, त्यामुळे भौतिकीला तूर्त हात लावू नये.

केंद्राची नोंद ही तासाभराची सरासरी असते. 'टू डेट' म्हणजे त्या तासाचा शेवट, म्हणून ६ वाजताची नोंद ५ ते ६ या काळाची असून तिचा मध्य ५.३० आहे. डब्ल्यूआरएफच्या नेहमीच्या फाइलमधील मूल्य मात्र त्या क्षणाचे असते. ६.३०चे मूल्य आपण ६ या खुणेखाली ठेवता, म्हणजे एकाच खुणेखाली ५.३० आणि ६.३० समोरासमोर येतात आणि मॉडेल बरोबर एक तास पुढे धावताना दिसते. त्याऐवजी 'फ्रॉम डेट' घेतल्यास ६ ते ७च्या सरासरीचा मध्य ६.३० येतो आणि जोडी जुळते. आपल्या प्रमाणवेळेतला अर्धा तास एरवी डोकेदुखी ठरतो, इथे मात्र तोच उपयोगी पडतो.

तरीही क्षणाचे मूल्य आणि तासाची सरासरी यांत फरक राहतोच, विशेषतः सूर्यास्ताच्या सुमारास, जेव्हा मिश्रणाचा थर झपाट्याने खाली बसतो. पुढच्या वेळी मॉडेल चालवताना 'हिस्टरी इंटरव्हल', म्हणजे निष्कर्ष फाइलमध्ये लिहिण्याचे अंतर, १५ मिनिटांवर ठेवून खरी सरासरी काढावी. सीमॅक हे हवेच्या गुणवत्तेचे दुसरे मॉडेल वापरणाऱ्यांना हा त्रास कमी, कारण तिथे तासाच्या सरासरीची वेगळी फाइल मिळते, मात्र तिच्यावरची वेळ तासाच्या आरंभाची असते.

फोरट्रान_अजून_जिवंत (वडोदरा)

वरील विवेचन पटते, पण ते सिद्ध केल्याशिवाय कोडमध्ये बदल करू नये. सर्वाधिक सहसंबंध मिळेपर्यंत मालिका मागेपुढे सरकवण्याचा मोह अनेकांना होतो. त्यातून आकडा सुधारतो, पण चूक वेळेची होती की उत्सर्जनाची, हे कायमचे झाकले जाते.

साक्षीदार म्हणून सूर्य घ्यावा. केंद्राच्या फाइलमध्ये सौर प्रारणाचा स्तंभ असल्यास एखाद्या निरभ्र दिवशी तो मॉडेलच्या 'एसडब्ल्यूडाउन'शेजारी (जमिनीवर पोहोचणाऱ्या सौर प्रारणाशेजारी) मांडावा. इंदूर पूर्व रेखांश ७५.८६च्या आसपास आहे, म्हणून जानेवारीच्या मध्यास तिथली खरी मध्यान्ह घड्याळात सुमारे १२.३५ला होते. प्रारणाचा वक्रही तासाने सरकलेला असेल, तर दोष वेळेच्या नोंदीतच आहे, कारण वाहतुकीचा किंवा सीमास्तराचा परिणाम म्हणून सूर्य लवकर मावळत नाही. एक पथ्य पाळावे: प्रारणाची गणना किती मिनिटांनी होते ते ठरवणारा 'आरएडीटी' मोठा असेल, तर वक्र पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो आणि उगाच शंका येते.

दैनिक सरासरीवर विसंबू नये, हेही सांगतो. २४ तासांसाठी आपले मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे आणि अहवालांत सगळी तुलना तिथेच होते, पण एका तासाच्या सरकण्याने दिवसाची सरासरी फारशी हलत नाही, म्हणून हा दोष तिथे लपून राहतो.

रामबाग_इंदूर

आपणा दोघांची आभारी आहे. दोन निरभ्र दिवसांचे प्रारण मांडून पाहिले आणि वक्र खरोखरच तासाने सरकलेला निघाला. 'फ्रॉम डेट' घेतल्यावर तो केंद्राच्या वक्रावर बसला आणि पीएम २.५ची संध्याकाळची वाढही जवळपास जुळली. रात्री नऊनंतरची पातळी मात्र मॉडेलमध्ये अजूनही बरीच जास्त येते.

फोरट्रान_अजून_जिवंत (वडोदरा)

आता आपल्या सहकाऱ्यांचा वाद योग्य जागी आला. रात्रीच्या जास्तीसाठी सीमास्तराची योजना आणि सर्वांत खालच्या थराची जाडी दोन्ही तपासावीत, परंतु त्याआधी उत्सर्जनाची फाइल बनवणारा प्रोग्राम उघडून पाहावा. असे बरेच जुने प्रोग्राम स्थानिक वेळेचा फरक पूर्णांकातच घेतात, त्यामुळे ५.५चे गुपचूप ५ किंवा ६ होतात आणि संध्याकाळची वाहतूक अर्धा तास इकडेतिकडे जाते. 'इंटिजर' म्हणून घोषित केलेला एखादा चल सापडला, तर तो इथे कळवावा.