अव्होकाडो टोस्टवर टोमॅटो घातला की ब्रेड मऊ पडतो, मदत हवी आहे

रविवारी नाश्त्याला 6 जणांसाठी अव्होकाडो टोस्ट करायचे आहेत, वेगवेगळी टॉपिंग्ज घालून. सगळे एकदम ताटात यायला हवेत आणि तिथेच अडतंय. शेवटचा टोस्ट लावून होईस्तोवर 15-20 मिनिटं जातात, तेवढ्यात टोमॅटोवाले खालून मऊ पडतात. काकडीच्या चकत्यांचंही थोडंफार तसंच. उकडलेलं अंडं किंवा भाजलेले तीळ घातलेले मात्र छान राहतात, त्यामुळे भाज्यांना सुटणारं पाणीच कारण वाटतंय.

ब्रेड जाड, साधारण 2 सेंटिमीटर कापून दोन्ही बाजूंनी कडक भाजला आणि जाळीवर गार केला. याने बराच फरक पडला, कारण आधी गरम टोस्ट थेट ताटात ठेवला की वाफेनेच खालची बाजू ओली व्हायची. टोमॅटोच्या बिया काढल्या, मीठ लावून 10 मिनिटं निथळवला, पुसून घेतला. तरी पूर्ण जमलं नाही. गर काळा पडायची अडचण नाही, लिंबू पिळते. फळही नीट पिकलेलं असतं, काट्यानेच जाडसर चेचते.

घरात एकाला दुधाचे पदार्थ चालत नाहीत, म्हणून लोणी किंवा चीजचा थर नको. ओव्हन नाही, तवा आणि टोस्टर आहे.

ब्रेडला आधी ऑलिव्ह तेलाचा हात लावला तर ओल खरंच अडते का, की टोमॅटो तव्यावर परतून पाणी आटवूनच घालावा? आणि मीठ गरात मिसळावं की अगदी वाढताना वरून भुरभुरावं?