एफुआ सदरलँड यांचं नावही हवं
आफ्रिकन नाटक म्हटलं की नायजेरियाचे नाटककार वोले सोयिंका यांचंच नाव घेतलं जातं. त्यात घानाच्या नाटककार एफुआ सदरलँड (१९२४–१९९६) यांचं नाव जोडायलाच हवं. अनान्से या लबाड कोळ्याच्या लोककथा सांगताना श्रोतेच मध्ये कथा थांबवून गाणं सुरू करतात. त्या गाण्यांना 'म्बोगुओ' म्हणतात. ही रीत सदरलँड यांनी थेट रंगमंचावर आणली. त्यांच्या 'द मॅरेज ऑफ अनान्सेवा' या नाटकात तर बाप लेकीच्या लग्नासाठी एकाच वेळी चार सरदारांना झुलवत ठेवतो! घानाच्या राजधानीत, अक्रामध्ये, त्यांनी उभारलेला ड्रामा स्टुडिओ पुढे राष्ट्रीय नाट्यगृहासाठी पाडला गेला, याचं फार वाईट वाटतं. पण मला सगळ्यांत भावतं ते अत्विया गावातलं 'कोद्झिदान', म्हणजे कथाघर. ते त्यांनी गावकऱ्यांसोबत उभं केलं.